सभागृहाचे अधिकार सभागृहानेच राखावेत

प्रति,
अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन पक्षाचे सर्व सदस्य,
कॅपिटॉल, वॉशिंग्टन

सन्माननीय सदस्यहो,

येत्या ३ नोव्हेंबर २०२६ रोजी अमेरिकेतील मतदार प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक-तृतीयांश जागांसाठी मतदान करतील, तेव्हा त्यांच्या हाती पडणाऱ्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांचे नाव कोठेही नसेल. भारतात मध्यावधी निवडणूक म्हटली की सभागृह मुदतीआधी विसर्जित झाले असावे असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत मात्र ही निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर, ठरलेल्या दिवशी, न चुकता येते, कारण प्रतिनिधिगृहाची मुदतच दोन वर्षांची आहे. कायदेमंडळाला जाब विचारण्याची ही घटनादत्त वेळ असताना आपल्यापैकी बहुतेकांचा प्रचार राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे हात बळकट करण्याच्या आवाहनापलीकडे जात नाही, आणि सभागृहाने स्वतः काय केले, काय करायचे सोडून दिले, याचा हिशेब त्यात अभावानेच आढळतो. पुराणमतवादी मतदाराचा आक्षेप नेमका येथे आहे. तो राष्ट्राध्यक्षांच्या विरोधकाचा आक्षेप नसून सातत्याने आपल्याच पक्षाला मत देत आलेल्या नागरिकाचा असल्यामुळे तो बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही.

अमेरिकी राजकारणात पुराणमतवादी म्हणवून घेणाऱ्या नागरिकाचा आग्रह ढोबळमानाने असा असतो, की केंद्र सरकारचा पसारा आटोपशीर असावा, त्याने उत्पन्न पाहून खर्च करावा, जे काम राज्ये, गावे, कुटुंबे आणि धर्मसंस्था करू शकतात त्यात त्याने हात घालू नये, आणि १७८७ साली फिलाडेल्फियात सिद्ध झालेल्या राज्यघटनेचा अर्थ कोणी आपल्या सोयीने लावू नये. या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात कायदेमंडळ, म्हणजे काँग्रेस, येते आणि राष्ट्राध्यक्षपदाचा क्रम त्यानंतर दुसरा लागतो. महसुलाची विधेयके प्रतिनिधिगृहातच मांडली जावीत, कर व आयातशुल्क बसवण्याचा, कर्ज काढण्याचा आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा असावा, आणि कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून एक पैही बाहेर पडू नये, हे सारे त्या पहिल्या अनुच्छेदातच नमूद आहे. प्रतिनिधींची मुदत किती असावी यावर फिलाडेल्फियात बराच वाद झाला. काहींना दरवर्षी निवडणूक हवी होती, जेम्स मॅडिसन यांना तीन वर्षांची मुदत योग्य वाटत होती, आणि अखेर दोन वर्षांवर एकमत झाले. ज्यांच्या हाती तिजोरी द्यायची त्यांना जनतेसमोर वारंवार उभे करायचे, हा त्यामागील विचार होता. तिजोरीवरचा हक्क सभागृहाने सोडून दिला, तर दर दोन वर्षांनी होणाऱ्या या निवडणुकीला प्रयोजन उरत नाही.

या विचाराला धरून लढलेली मध्यावधी निवडणूक आपल्या पक्षाच्या इतिहासात आहे. २७ सप्टेंबर १९९४ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या तीनशेहून अधिक उमेदवारांनी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर 'काँट्रॅक्ट विथ अमेरिका' या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पक्षाचे नेते न्यूट गिंग्रिच आणि डिक आर्मी यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या त्या कागदावर दहा विधेयके होती, आणि ती पहिल्या शंभर दिवसांत सभागृहात मतास टाकण्याचे वचन होते. पक्षाने त्या वर्षी प्रतिनिधिगृहात ५४ जागा जास्तीच्या जिंकल्या, चाळीस वर्षांनी बहुमत मिळवले, आणि दहाही विधेयके मुदतीत मतास टाकली. त्यांतील सदस्यांच्या कारकिर्दीवर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती सभागृहातच पडली, आणि अंदाजपत्रक समतोल ठेवण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये एका मताने हुकली. पण १९९६ साली सरकारी साहाय्याची व्यवस्था कामाशी जोडणारा कायदा झाला, आणि १९९८ ते २००१ या चार आर्थिक वर्षांत केंद्र सरकारचे उत्पन्न खर्चापेक्षा अधिक राहिले. बिल क्लिंटन यांच्यासारखा विरोधी पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना हे घडले, याकडे आज विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण राष्ट्राध्यक्ष आपला नसेल तर काहीच करता येत नाही आणि आपला असेल तर स्वतःहून काही करण्याचे कारण नाही, अशी एक समजूत अलीकडे सभागृहात रुजलेली दिसते.

त्याच १९९४ च्या लाटेवर निवडून आलेल्या दोन सदस्यांची पुढील वाटचाल शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनच्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षाचे टॉम फोली तीस वर्षे निवडून येत होते आणि ते प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. त्या राज्याच्या मतदारांनी १९९२ साली लोकप्रतिनिधींच्या कारकिर्दीवर मर्यादा घालणारा कायदा थेट मतदानाने संमत केला, तेव्हा फोली त्याविरुद्ध न्यायालयात गेले. याच मुद्द्यावर जॉर्ज नेदरकट यांनी त्यांना आव्हान दिले, आपण तीनच मुदती सभागृहात राहू असे वचन दिले, आणि सुमारे चार हजार मतांनी विजय मिळवला. पदावर असलेला सभापती स्वतःच्या मतदारसंघात हरण्याची वेळ १८६२ नंतर प्रथमच आली होती. परंतु २००० साल उजाडले तेव्हा नेदरकट यांनी ते वचन मागे घेतले, चौथ्यांदा निवडणूक लढवली आणि ती जिंकली. ओक्लाहोमातील मस्कोगी गावचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. टॉम कोबर्न यांनीही तीनच मुदतींचे वचन दिले होते. त्यांनी ते पाळले आणि जानेवारी २००१ मध्ये ते घरी परतले. सभागृहात असताना, १९९९ साली, त्यांनी स्वतःच्या पक्षनेतृत्वाने आणलेल्या कृषी खर्चाच्या विधेयकाला शंभराहून अधिक दुरुस्त्या सुचवून ते रोखून धरले होते, कारण पक्षाने स्वतः मान्य केलेली खर्चाची मर्यादा त्यात ओलांडली जात होती. पक्षनिष्ठा ही मतदाराला दिलेल्या शब्दाच्या खालच्या पायरीवर असते, हे त्यांनी कृतीने दाखवले, आणि म्हणूनच पुराणमतवादी मतदाराच्या मनात त्यांचे स्थान अनेक सभापतींपेक्षा वरचे आहे.

कोबर्न पुढे २००४ साली सिनेटवर निवडून गेले. अलास्कातील केचिकन या गावापासून जेमतेम पन्नास वस्तीच्या ग्रॅव्हिना बेटापर्यंत पूल बांधण्यासाठी वीस कोटींहून अधिक डॉलर राखून ठेवले गेले होते. तेथील विमानतळावर जाण्यासाठी लोक फेरीबोट वापरत. कतरिना चक्रीवादळाने लुइझियानात उद्ध्वस्त केलेल्या पुलासाठी अलास्कातील पुलांचा पैसा वळवावा, अशी दुरुस्ती कोबर्न यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये मांडली. सिनेटमध्ये त्या वेळी रिपब्लिकन पक्षाचे ५५ सदस्य होते. दुरुस्तीच्या बाजूने एकूण मते पडली १५ आणि विरोधात ८२. अलास्काचे ज्येष्ठ रिपब्लिकन सदस्य टेड स्टीव्हन्स यांनी ती मंजूर झाल्यास राजीनामा देण्याची धमकी सभागृहातच दिली होती. अकरा वर्षांपूर्वी खर्चाला वेसण घालण्यासाठी निवडून आलेल्या पक्षाचे हे रूप, त्यात लॉबिस्ट जॅक अब्रामॉफ यांचे लाचखोरीचे प्रकरण आणि सुमारे २४ लाख डॉलरची लाच घेतल्याची पक्षाचे प्रतिनिधी ड्यूक कनिंगहॅम यांची कबुली यांची भर, हे सारे मतदार पाहत होता. २००६ च्या मध्यावधी निवडणुकीत पक्षाने दोन्ही सभागृहांतील बहुमत गमावले. इराक युद्धावरील नाराजी हे त्या पराभवाचे मोठे कारण होतेच. पण पुराणमतवादी मतदाराने आपल्या बाजूच्या लोकांसाठी ज्या उत्साहाने घराबाहेर पडायला हवे होते तो उत्साह त्या वर्षी कोठे गेला, याचे उत्तर केचिकनमध्येही सापडते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तिजोरीकडे, येणे भाग आहे. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. १९७४ च्या अंदाजपत्रक कायद्याने आखून दिलेल्या पद्धतीनुसार त्याआधी काँग्रेसने वार्षिक खर्चाची सर्व विनियोजन विधेयके, जी सध्या बारा आहेत, एकेक करून समितीत तपासावीत, सभागृहात त्यांवर चर्चा करावी आणि ती मंजूर करावीत, अशी अपेक्षा आहे. हे सारे वेळेत पार पडण्याचा योग त्या कायद्यानंतर केवळ चार आर्थिक वर्षांत आला, आणि त्यांतील शेवटचे वर्ष होते १९९७. एरवी वर्षानुवर्षे तात्पुरत्या ठरावांवर गाडा हाकला जातो. महाराष्ट्राच्या विधिमंडळात ज्याला लेखानुदान म्हणतात त्याच्याशी मिळताजुळता हा प्रकार आहे, फरक इतकाच की तेथे तो निवडणुकीपूर्वीची अपवादात्मक सोय म्हणून वापरला जातो आणि वॉशिंग्टनमध्ये तोच नित्याचा कारभार झाला आहे. तात्पुरता ठराव म्हणजे गेल्या वर्षीचा खर्च जवळपास जसाच्या तसा पुढे चालू ठेवणे. अनावश्यक खाते बंद करणे, निष्फळ योजना गुंडाळणे, एखाद्या खात्याच्या प्रमुखाला समितीपुढे उभे करून पै-पैचा हिशेब मागणे, यांपैकी काहीच त्यात होऊ शकत नाही. म्हणजे खर्चकपातीचे व्यासपीठावरून गोडवे गायचे आणि ती जेथे होऊ शकते त्या एकमेव जागेकडे पाठ फिरवायची, असे गेली तीन दशके दोन्ही पक्षांनी चालवले आहे. १९९४ मध्ये सुमारे ४.७ लाख कोटी डॉलर असलेले राष्ट्रीय कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ लाख कोटींच्या पुढे गेले, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने संरक्षणापेक्षा व्याजावर अधिक खर्च केला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तर तात्पुरता ठरावही वेळेत होऊ शकला नाही, आणि सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिले. इतका दीर्घ खंड देशाच्या इतिहासात त्यापूर्वी पडला नव्हता. प्रतिनिधिगृहाने आपला ठराव १९ सप्टेंबरला मंजूर केला होता आणि सिनेटमध्ये लागणारी ६० मते डेमोक्रॅटिक पक्षाने आरोग्यविम्याच्या अनुदानासाठी अडवून धरली, हे खरे आहे, आणि त्या अडवणुकीची जबाबदारी त्या पक्षावरच राहील. पण सभापती माइक जॉन्सन यांनी १९ सप्टेंबर ते १२ नोव्हेंबर या काळात प्रतिनिधिगृहात एकही मतदान घेतले नाही, ही जबाबदारी कोणावर टाकायची? विमान वाहतूक नियंत्रक बिनपगारी कामावर येत होते, सुमारे ४.२ कोटी लोकांच्या अन्नसाहाय्याबाबत अनिश्चितता होती, आणि ज्या सभागृहात बारा विनियोजन विधेयकांवर काम व्हायला हवे होते त्याचे दरवाजे बंद होते. ॲरिझोनातून २३ सप्टेंबरला निवडून आलेल्या अडेलिता ग्रिहाल्वा यांचा शपथविधीही १२ नोव्हेंबरपर्यंत लांबला. त्या विरोधी पक्षाच्या आहेत आणि त्यांची मते पुराणमतवादी मतदाराला मान्य होणारी नाहीत. तरीही निवडून आलेल्या प्रतिनिधीस जागेवर बसू देणे हे सभागृहाचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्याला पक्ष नसतो.

राष्ट्राध्यक्षांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या करकपातीच्या मोठ्या कायद्याचेही असेच आहे. २०१७ मधील करसवलती संपुष्टात येऊ न देणे आवश्यक होते आणि त्यासाठी मत देणाऱ्या सदस्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु काँग्रेसच्या स्वतःच्या अंदाजपत्रक कार्यालयाने दहा वर्षांत ३.४ लाख कोटी डॉलरची तूट वाढेल असा अंदाज दिलेला असताना, आणि त्याच कायद्याने कर्जाची मर्यादा आणखी ५ लाख कोटींनी वाढवलेली असताना, तो २१८ विरुद्ध २१४ मतांनी संमत झाला आणि विरोधात मत देणारे रिपब्लिकन सदस्य दोनच निघाले. त्यांपैकी केंटकीचे थॉमस मॅसी यांनी तुटीचे कारण स्पष्टपणे सांगितले आणि त्याबद्दल राष्ट्राध्यक्षांचा रोष ओढवून घेतला. महाराष्ट्रातील वाचकाला व्हिप आणि पक्षांतरबंदी कायदा चांगलाच परिचयाचा आहे. पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे तेथील सदस्याच्या गप्प बसण्याला निदान कायद्याचे कारण असते. अमेरिकेत असा कोणताही कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिल्याने कोणाचे सदस्यत्व जात नाही, आणि म्हणून येथील मौनाची जबाबदारी संपूर्णपणे त्या त्या सदस्याची आहे.

आयातशुल्काच्या बाबतीत सभागृहाने जे केले ते तर अधिकच गंभीर आहे, कारण तेथे अधिकार निसटला असे म्हणता येत नाही, तो हाताने काढून देण्यात आला. १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांनी २०२५ मध्ये जवळपास सर्व देशांच्या मालावर शुल्क बसवले. भारतीय मालावरील दर ऑगस्टअखेर ५० टक्क्यांवर गेला आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्या कारखान्यांपर्यंत त्याची झळ पोहोचली. शुल्क योग्य की अयोग्य याबद्दल पुराणमतवादी मतदारांतही दुमत आहे, आणि चीनच्या बाबतीत कठोर धोरणाचे समर्थन करणारे त्यांत पुष्कळ आहेत. पण १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात अशी तरतूद आहे, की आणीबाणी संपवण्याचा ठराव कोणी मांडला तर ठरावीक दिवसांच्या आत त्यावर मतदान घ्यावेच लागते. हे मतदान टाळण्यासाठी मार्च २०२५ मध्ये सभागृहातील बहुमताने एक नियम संमत केला, आणि त्या सत्रातील उरलेले दिवस या कायद्यापुरते दिनदर्शिकेतील दिवस म्हणून मोजले जाणार नाहीत असे ठरवले. सूर्य उगवत होता, मावळत होता, आणि सभागृहाच्या लेखी दिवस पुढे सरकत नव्हता. ज्या पक्षाने कायद्याचा शब्द जसा लिहिला आहे तसाच वाचावा अशी शिकवण न्यायाधीशांना दिली, त्याने स्वतःच्या कायद्यातील 'दिवस' या शब्दाशी असा व्यवहार करणे क्लेशदायक आहे. शुल्काचा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यावर सुनावणी झाली. न्यायालयाने काहीही म्हटले तरी ज्या प्रश्नाचे उत्तर ४३५ प्रतिनिधींनी उभे राहून द्यायचे होते तो नऊ न्यायाधीशांवर सोपवला गेला, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

मंजूर निधी अडवून ठेवण्याबाबतही हाच विचार लागू पडतो. ऑगस्ट २०२५ अखेरीस प्रशासनाने परकीय मदतीचे ४.९ अब्ज डॉलर अशा वेळी रोखले, की काँग्रेसला निर्णय घेता येण्याआधीच आर्थिक वर्ष संपावे. परकीय मदतीतील उधळपट्टी थांबावी असे पुराणमतवादी मतदाराला मनापासून वाटते. परंतु २०२१ मध्ये जो बायडन यांनी सीमेवरील भिंतीचे काम थांबवले, तेव्हा मंजूर पैसा अडवल्याची तक्रार याच पक्षाच्या सदस्यांनी केली होती, आणि उद्या दुसऱ्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष सीमारक्षणाचा निधी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोखून धरील तेव्हा आज गप्प बसलेल्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही. युद्धाधिकाराबद्दल वेगळे काही सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २००१ मध्ये अवघ्या काही ओळींत दिलेली लष्करी कारवाईची परवानगी पाव शतक उलटत आले तरी चालू आहे, आणि ती नव्याने लिहिण्याचे काम सभागृहाने हाती घेतलेले नाही.

कोणता उमेदवार उभा करायचा, या प्रश्नावर २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीने जो धडा दिला तो पक्षाने अद्याप नीट वाचलेला नाही. त्या वर्षी जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्के, म्हणजे चाळीस वर्षांतील सर्वाधिक होता, राष्ट्राध्यक्ष अलोकप्रिय होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ व २००२ हे अपवाद वगळता राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रत्येक मध्यावधी निवडणुकीत प्रतिनिधिगृहातील जागा गमावल्या आहेत. तरीही रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात २२२ जागांवर समाधान मानावे लागले आणि सिनेट हाती आलेच नाही. जॉर्जिया राज्याचे आकडे या बाबतीत फार बोलके आहेत. तेथे गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालात ढवळाढवळ करण्यास नकार दिला होता. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारच ज्यात मतदान करतात त्या फेरीत, ट्रम्प यांच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या डेव्हिड पर्ड्यू यांचा त्यांनी दणदणीत पराभव केला, आणि नोव्हेंबरमध्ये ते साडेसात टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, सिनेटसाठी उभे असलेले माजी फुटबॉलपटू हर्शेल वॉकर यांना केम्प यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मते कमी पडली आणि डिसेंबरच्या फेरमतदानात ते हरले. या दोन लाखांत डाव्या विचारांचे लोक फारसे नसणार. एका रांगेत उभे राहून पक्षाच्या एका उमेदवाराला मत देणारे आणि दुसऱ्याला नाकारणारे हे बहुतांशी आपलेच मतदार होते. पक्षाने त्यांना गद्दार म्हणण्याऐवजी त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण केम्प यांनी करही कमी केले, गर्भपातावरील निर्बंधही आणले, आणि तरीही मतदाराला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता आला.

जॉर्जियाचाच आणखी एक हिशेब अप्रिय असला तरी मांडला पाहिजे. २०२० च्या निकालाविरुद्ध दाखल झालेले साठाहून अधिक दावे न्यायालयांत टिकले नाहीत, तरी मतदानयंत्रणेवर विसंबू नका असे पक्षाच्याच मतदारांना सांगितले जात राहिले, आणि ५ जानेवारी २०२१ च्या फेरमतदानात सिनेटच्या दोन्ही जागा गेल्या. त्यामुळे सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली, आणि दोनच महिन्यांत १.९ लाख कोटी डॉलरचा खर्च एकाही रिपब्लिकन मताशिवाय संमत झाला. महागाईच्या आगीत त्या खर्चाने तेल ओतले, आणि त्याची वाट पक्षातल्याच काही मंडळींनी मोकळी करून दिली होती. मतदानावरील विश्वास वाढवायचा असेल तर त्याचे साधे मार्ग उपलब्ध आहेत. अमेरिकेत भारतासारखा एकच निवडणूक आयोग नाही, प्रत्येक राज्य आपले मतदान आपल्या नियमांनी घेते. फ्लोरिडात टपाली मते मतदानाच्या दिवशी सायंकाळी सातपर्यंत पोहोचावी लागतात आणि निकाल त्याच रात्री बव्हंशी स्पष्ट होतो, तर कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली मते पुढे सात दिवस स्वीकारली जातात आणि मोजणी आठवडेच्या आठवडे चालते. ८ नोव्हेंबर २०२२ ला झालेल्या मतदानातून प्रतिनिधिगृहात बहुमत कोणाचे, हे कळायला १६ नोव्हेंबर उजाडला. फ्लोरिडाची पद्धत आणि ओळखपत्राची अट यांचा आग्रह राज्याराज्यांत धरणे हे रास्त काम आहे. पुराव्याविना निकाल नाकारल्याने त्याच आग्रहाची पत जाते.

डेमोक्रॅटिक पक्ष यांपैकी कशातही धुतल्या तांदळासारखा नाही. २०२२ मध्ये त्या पक्षाच्या प्रचार समितीने मिशिगनमध्ये सव्वाचार लाख डॉलर अशा जाहिरातीवर खर्च केले, जिच्यामुळे ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला मत देणारे रिपब्लिकन प्रतिनिधी पीटर मायर प्राथमिक निवडणुकीत हरावेत आणि लोकशाहीला धोकादायक म्हणून ज्याला तो पक्ष स्वतः हिणवत होता तो उमेदवार पुढे यावा. आणि तसेच झाले, नोव्हेंबरमध्ये ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाने घेतली. टेक्सासने ऑगस्ट २०२५ मध्ये, जनगणनेची वाट न पाहता, पाच जागा वाढाव्यात या हेतूने मतदारसंघांची पुनर्रचना केली, त्यावर कॅलिफोर्नियाने स्वतःचा स्वतंत्र आयोग बाजूला सारून नोव्हेंबरमध्ये तसाच नकाशा आणला. ज्याने आधी सुरुवात केली त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही, आणि नकाशे आपल्या सोयीने रेखून मिळवलेली जागा दोन वर्षांनी जाब देण्याच्या घटनेच्या योजनेतूनच सटकते. या साऱ्या प्रकरणात पुराणमतवादी मतदाराला अभिमान वाटावा असे एकच ठिकाण आहे. ११ डिसेंबर २०२५ रोजी इंडियाना राज्याच्या सिनेटने वॉशिंग्टनमधून आलेला दबाव आणि वैयक्तिक धमक्या झुगारून नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला, आणि त्या ३१ मतांत २१ मते रिपब्लिकन सदस्यांची होती.

महाभियोगाच्या अधिकाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तोही प्रतिनिधिगृहाचाच आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत डेट्रॉइटमधून निवडून गेले, याचा मराठी माणसाला वाटणारा आनंद स्वाभाविक आहे. परंतु एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध महाभियोगाचे आरोप मांडले तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांना साथ दिली नाही, आणि ते योग्यच झाले. तथापि फेब्रुवारी २०२४ मध्ये धोरणावरील मतभेदासाठी बायडन प्रशासनातील मंत्री अलेहांद्रो मायोर्कस यांच्यावर २१४ विरुद्ध २१३ मतांनी महाभियोग लादणारे बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते, हे ठाणेदार यांच्याबद्दल बोलताना आपल्या सदस्यांनी लक्षात ठेवावे. हे शस्त्र प्रचारासाठी उपसले, तर खऱ्या प्रसंगी ते बोथट ठरते. ७ ऑगस्ट १९७४ रोजी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन रिपब्लिकन नेते तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना भेटले आणि काँग्रेसमध्ये त्यांच्या बाजूने किती थोडी मते उरली आहेत हे त्यांनी तोंडावर सांगितले, तेव्हा त्या शब्दांना वजन होते, कारण त्या तिघांनी तोवर तो अधिकार सवंगपणे हाताळलेला नव्हता.

येत्या नोव्हेंबरात पुराणमतवादी मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळेल अशी धमकी हे पत्र देत नाही. त्या पक्षाच्या खर्चाच्या आणि सामाजिक धोरणांच्या दिशेबद्दल त्याचे मत पक्के आहे. पण मध्यावधी निवडणुकीत मतदानच मुळात कमी होते, २०१४ मध्ये ते जेमतेम ३६ ते ३७ टक्के होते, आणि अशा निवडणुकीत घरी बसून राहणाऱ्या मतदारामुळेही निकाल बदलतो, हे २००६ ने दाखवले आहे. त्याला घराबाहेर काढायचे तर राष्ट्राध्यक्षांसोबतच्या छायाचित्रांपेक्षा सभागृहाच्या कामाचा पुरावा अधिक उपयोगी पडेल, आणि तो देण्यासाठी प्रचाराच्या सभांपूर्वीच मुदत ठरलेली आहे. २०२७ चे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर २०२६ रोजी सुरू होते. ३० सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत बारापैकी किती विनियोजन विधेयके समितीतून चर्चेसह सभागृहात आली, किती मंजूर झाली, त्यांत कोणते खर्च नावानिशी कापले गेले आणि आयातशुल्काच्या अधिकाराबाबत कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले, याची यादी प्रत्येक मतदारसंघात हाताशी असेल, आणि मतदानाला त्यानंतर चौतीस दिवस उरलेले असतील.

आपला विश्वासू,
रिपब्लिकन पक्षाचा एक पुराणमतवादी मतदार